डोणीतलं ऑब्रिएटा : दोन हंगामांच्या नोंदी

27 ऑगस्ट 2023

स्वयंपाकघरातली जुनी शहाबादी आज उखडली. गवंड्याने तुकडे अंगणात रचले आणि विचारलं, "टेम्पो सांगू का, टाकून येतो." मी नको म्हणाले. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

दोन वर्षं एक झाड डोक्यात घोळतंय. ऑब्रिएटा. झाड म्हणणंही जास्तच, उंची वीतभरसुद्धा नाही. दगडाच्या भेगेत रुजायचं आणि तिथून दगडावर गोधडीसारखं पसरत जायचं. बहरात चार पाकळ्यांची जांभळी फुलं इतकी येतात की खालची पानं दिसत नाहीत. मूळचं ग्रीस, तुर्कस्तान या बाजूच्या डोंगरांतलं. युरोपातल्या दगडी बागांमध्ये ते आपल्याकडच्या सदाफुलीइतकं घरचं. सोलापुरात कुणाच्या दारात मी पाहिलेलं नाही, आणि का नाही हे कळायला विज्ञानाची शिक्षिका असायची गरज नाही. त्याला उणे पंधरा चालतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्याने हात भाजतो.

पण त्याला चुना आवडतो, आणि शहाबादी म्हणजे चुनखडक. ओट्यावर लिंबू सांडून राहिलं की जो पांढरा डाग पडतो तो त्यामुळेच, आम्ल दगड खातं. शहाबाद इथून वाडीच्या रेल्वेमार्गावरच आहे, अर्ध्या सोलापूरच्या पायाखाली हीच फरशी. म्हणजे दगड तरी त्याच्या माहेरचा निघाला. बाकी सासरच.

3 सप्टेंबर

मंगळवेढ्याहून डोण आली, गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. मामांनी (सासरे) बैलं विकली त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून गोठ्यात पडून होती. अखंड काळा दगड. आतून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच खोल. टेम्पोतून उतरवायला चौघे लागले. गच्चीवर न्यायचा विचार तिथेच सोडला, पूर्वेच्या कुंपणाशी विटांवर ठेवली. इंग्लंडात लोक जुनी दगडी सिंकं शोधून त्यांत अशी झाडं लावतात, मग आपली डोण काय वाईट?

अडचण एकच. डोणीला भोक नसतं. वडारदादाला बोलावलं. छन्नी-हातोड्याने दोन भोकं पाडायला अख्खी दुपार गेली. मामा खुर्ची टाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "पाणी धरायची वस्तू, तिला गळकी करायलीस पोरी."

10 सप्टेंबर

भरण: तीन घमेली बारीक खडी (क्रशरवरची, 6 मिमी), दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं कुजलेल्या पानांचं खत. खडी तीन पाण्यांनी धुतली. तिच्यातली भुकटी राहिली तर पहिल्याच पाण्यात खाली बसून थापल्यासारखी घट्ट होते.

काळी माती अजिबात नाही. हे मामांना लागलं. त्यांच्या शिवारात हातभर भेगा पडणारी काळी आहे. पावसाळ्यातलं पाणी पोटात धरते आणि त्यावर शाळू पुढचे चार महिने उभा राहतो. नेमकं तेच या झाडाला नको. याचं मूळ खोल जातं, ओल शोधत जातं, पण खोड जिथे मातीतून वर येतं ती मान ओली राहिली की संपलं. म्हणून खाली ओल आणि वर कोरडी खडी. डोणीची सगळी बांधणी या एका मानेसाठी.

फरशीचे तुकडे उभे रोवले, एकमेकांना समांतर, मध्ये बोटभर फट. दोन भाग आत, एक भाग वर. आडवे ठेवले असते तर पाणी वरच साचलं असतं. ओळी पूर्व-पश्चिम धरल्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे प्रत्येक फरशीच्या उत्तर अंगाला सावली मिळेल. रोपं त्या अंगाला.

शेजारच्या अक्का कठड्यावरून डोकावल्या. "काय टीचर, दगडं पेरलालाव का?"

17 सप्टेंबर

बी टाकलं. ऑनलाइन मागवलेलं पाकीट, बी खसखशीपेक्षा जरा मोठं. 40 दाणे मोजले. उजेड लागतो म्हणून वर माती घालायची नाही, नुसतं दाबायचं. ट्रेमध्ये कोकोपीट आणि बारीक खडी निम्मी-निम्मी. ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवला.

28 सप्टेंबर

नऊ उगवली. त्यातली सात काल रात्रीत आडवी. देठ जमिनीलगत दोऱ्यासारखा बारीक, काळपट. वांग्या-मिरचीच्या रोपवाटिकेत दिसते तीच मर. रात्रीचं तापमान अजून 23 आणि हवा दमट. अठरा-वीस अंशांत उगवणारं बी मी तेविसात टाकलं, आणखी काय होणार?

मामांना ट्रे दाखवला. ते सरळ मुद्द्यावर आले. "ह्ये कुणाच्या जातीचं म्हणालीस?"

"मोहरीच्या."

"मग मोहरी कवा पेरत्यात? हस्त कालच लागलाय. हत्तीचा पाऊस हून जाऊ दे, रात्रीला गारवा येऊ दे. तुझी घाई झाली."

मोहरीचं कूळ मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. चार पाकळ्या, फुलीसारखी मांडणी, सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड. नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर काढते. मोहरी रब्बीची, कोबी-मुळाही आपल्याकडे थंडीत खुलतो, हे समोर असून जोडलं मात्र चौथी शिकलेल्या माणसाने.

8 ऑक्टोबर

दुसरी पेरणी, 60 दाणे. यंदा पाऊस जेमतेमच, हस्ताने आमच्याकडे तरी निराश केलं. रात्री जरा बऱ्या. या वेळी बियांवर खडीचा अगदी विरळ थर दिला, उजेड जाईल इतका. देठाजवळ कोरडं राहावं म्हणून.

22 ऑक्टोबर

31 उगवली, दोनच आडवी. पानं खरखरीत, हिरव्यावर राखाडी लव. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक केस चांदणीसारखा फाटे फुटलेला. धाकटीला दाखवलं, तिने भिंग परत दिलं नाही.

बसल्या बसल्या नावाबद्दल. ऑब्रिएटा हे क्लोद ओब्रिये या फ्रेंच चित्रकारावरून. वनस्पतींची चित्रं काढणारा माणूस. 1700 ते 1702 मध्ये तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर तो ग्रीस, तुर्कस्तान हिंडला. 1763 मध्ये मिशेल आदांसाँने या वंशाला त्याचं नाव दिलं. शास्त्रज्ञांची नावं झाडांना ढिगाने आहेत, चित्र काढणाऱ्याच्या वाट्याला सहसा कोपऱ्यातली सही येते. म्हणून मला हे नाव आवडतं.

19 नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत 24 रोपं वेगवेगळ्या कागदी पेल्यांत हलवली. बाकीची अक्कांना, दोन शाळेत.

10 डिसेंबर

अकरा रोपं डोणीत लावली. भेगेत रोप लावणं हे सुईत दोरा ओवण्यासारखं काम आहे. मुळांची माती पाण्यात हलकेच धुवायची, ओल्या मुळांची वात करायची, फटीत सोडायची, मग चमच्याने मिश्रण आत सारायचं आणि काडीने ठोकत जायचं, पोकळी राहता कामा नये. कुंडीतला मातीचा गोळा तसाच बसवला तर मुळं गोळ्यातच फिरत राहतात, भेगेत उतरत नाहीत. शेवटी मानेभोवती इंचभर खडी. तीन तास लागले. पाठ गेली.

उरलेली तेरा तशीच पेल्यांत. मेली तर बदली.

24 डिसेंबर

पानांना बारीक खिडक्या. खालून हिरव्या पोपटी अळ्या, बोट लावलं की वळवळत धाग्यावर लटकतात. कोबीवरची नेहमीची अळी, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला हिने कुळावरून ओळखलं. अक्कांच्या परसात कोबी आहे, तिथून आली असणार. चिमट्याने 19 वेचल्या. मग रोज सकाळी चहाआधी एक फेरी.

16 जानेवारी 2024

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची गर्दी, घरात पाहुणे, चार दिवस डोणीकडे लक्ष नाही. तरी हे आठवडे झाडाला मानवलेत. पहाटे 14, दुपारी 30, आकाश कोरडं. सगळ्यांत मोठी चटई आता नऊ सेंटीमीटर रुंद, फरशीच्या कडेवरून खाली उतरायला लागलीय. पाणी पाच दिवसांतून एकदा, म्हणजे नळ येतो तेव्हाच. नळाचं वेळापत्रक आणि झाडाची गरज जुळण्याची ही माझ्या घरातली पहिलीच वेळ.

18 फेब्रुवारी

सात नंबरच्या रोपाला चार फुलं. बाकी दहा नुसती हिरवी.

डोंगरातल्या या झाडाला फुलायच्या आधी थंडीचे काही आठवडे हवे असतात, त्याशिवाय ते पानंच काढत बसतं. आमची 14 अंशांची पहाट त्याच्या हिशेबी थंडी नव्हेच. सात नंबरला काय सुचलं कोण जाणे. फूल दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, जांभळं, मध्ये पिवळट डोळा. आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "मुळ्याचं फूल रंगात बुडवल्यासारखं दिसतंय." अगदी बरोबर.

10 मार्च

दुपारी 36 अंश. डोणीवर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी. फुलं संपली, शेंग धरली नाही. सात नंबरची टोकं कात्रीने निम्म्यावर छाटली. छाटलं नाही तर चटई मधून उघडी पडते आणि दांडके दिसायला लागतात.

21 एप्रिल

41. आता खरी परीक्षा, असं मी समजून आहे.

दोन उपाय. डोणीच्या मधोमध लहान मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरलाय, तोंडावर झाकणी. त्यात पाणी भरलं की ते भिंतीतून झिरपतं, मुळांना तेवढंच मिळतं, मान कोरडी. दुसरं, डोणीच्या बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. वाळ्याचे पडदे भिजवायचे तोच जुना हिशेब.

याने गारवा किती येतो ते मोजलं. दोन थर्मामीटर, एकाच्या फुग्याला ओलं फडकं. दुपारी तीन वाजता कोरडा 41, ओला 22. एकोणीस अंशांचा फरक! हवा इतकी कोरडी आहे की पाणी धडाधड उडतं आणि उष्णता घेऊन जातं. ओल्या फडक्याचा आकडा हीच या गारव्याची सीमा, त्याखाली पाणी शिंपडून जाता येत नाही. डोणीच्या आत बोटभर खोल 27 आहे. मे जमून जाईल असं वाटायला लागलंय.

12 मे

शाळेला सुट्टी, पण शून्य सावलीसाठी मुलं घरीच बोलावली. सोलापुरात हा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. अंगणात बाटली उभी केली, सावली तिच्याच बुडाखाली गेली. मुलं खूश.

मी डोणीकडे पाहिलं आणि गार पडले. उभ्या फरशांचीही सावली गेली होती. आजपासून ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या किंचित उत्तरेला असणार, म्हणजे मी निवडलेलं उत्तरेचं अंग नेमकं आता उन्हात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. डोण मांडताना मात्र फक्त हिवाळ्याचा सूर्य आठवला. संध्याकाळी दुसरी जाळी बांधली, उत्तरेकडून उतरती.

26 मे

काल 43. अकरापैकी नऊ जिवंत. पानं आखडलेली, रंग राखेसारखा, वाढ थांबलेली, पण जिवंत. स्टाफरूमच्या ग्रुपवर फोटो टाकला. जरा जास्तच मिरवलं.

9 जून

मृग लागला आणि लगेच बरसला. तीन रात्री सलग. मातीचा वास, पोरं अंगणात, आत्यांची भजी. गोणपाट काढून टाकलं, आता त्याचं काम नाही.

23 जून

तीन गेली. वरून चटई ठीक दिसते, बोटाने दाबली की मध्ये मऊ. उचलली तर अख्खी हातात येते, खाली मानेशी तपकिरी लगदा.

14 जुलै

दोन उरली. डोणीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून पाऊस अडवला, तरी मरतात. खडी वर कोरडी आहे, भोकं उघडी आहेत, पाणी साचत नाही. मग कशाने?

पुन्हा दोन थर्मामीटर बाहेर काढले. कोरडा 29, ओला 25.

हा आकडा वहीत लिहून बराच वेळ बघत बसले. एप्रिलच्या 41 अंशांत ओलं फडकं 22 वर होतं. जुलैच्या छान गार म्हणावं अशा हवेत ते 25 वर. म्हणजे माठ-गोणपाटाने एप्रिलात जेवढी गार जागा करता येत होती तेवढी पावसाळ्यात काहीही करून येत नाही. हवेलाच पाणी नकोय.

शिवाय रात्र. झाड दिवसा अन्न करतं आणि रात्री श्वासात जाळतं. रात्र जितकी उबदार तितकं जास्त जळतं. डोंगरात रात्र कडक गार असते, बचत होते. इथे ढगांमुळे दिवसा ऊन कमी, म्हणजे कमाई कमी, आणि रात्र 23 ची, म्हणजे खर्च चालूच. उपाशी झाडाला बुरशी धरणार नाही तर काय. त्यात तो चटईचा आकार. डोंगरात वाऱ्यापासून वाचायला आणि ऊब धरून ठेवायला हे झाड असं अंग चोरून, पानाला पान लावून बसतं. तीच ऊब इथे आत कोंडते, खालची पानं सुकायचं नाव घेत नाहीत.

मला सगळी भीती मेची होती. जाळ्या मेसाठी, माठ मेसाठी.

4 ऑगस्ट

शेवटचंही गेलं. सात नंबरच होतं.

डोण रिकामी करायला बसले. रिकामी म्हणजे, ऑब्रिएटाची. फटींमधून चिवळ उगवलीय, कुणी न लावता. लाल काड्या, पेरापेराला मुळं, फरशीवर घट्ट पसरलेली हिरवी जाळी. तिला ना दमट रात्रीचं काही, ना मुरुमाचं. मी रागाने उपटत सुटले.

मामा आले, शेजारी बसले. म्हणाले, "किती जगलं?"

"आठ महिने. ऑक्टोबरपासून धरलं तर दहा."

"शाळू किती जगतो?"

मी गप्प.

"चार महिने, लई तर साडेचार. मग काढतो आपण. पावसाळ्यात शाळूचं ताट उभं ठिवून कुणी रडत बसतंय का? रब्बीचं पीक खरिपात जगवायला गेलीस तू."

पाकिटावर बहुवर्षायू लिहिलेलं होतं, मी ते प्रमाण मानून चालले होते. तिथल्या हवेत ते बहुवर्षायू आहेच. सोलापूरचा हिवाळा हा त्याचा वसंत आणि उन्हाळा मिळून जेवढा होतो तेवढा. त्यापुढे त्याच्यासाठी इथे काही नाही. हस्तात पेरायचं, चैत्रात काढायचं. माठ, दुसरी जाळी, गोणपाट, सगळं अनावश्यक ठरतं. उरतो फक्त फुलांचा प्रश्न.

28 सप्टेंबर 2024

हस्त काल लागला, आज 80 दाणे. मामांनी ट्रेला हळदीकुंकू लावलं. ते थट्टा करत होते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

13 ऑक्टोबर

52 उगवली. मागच्यापेक्षा मजबूत.

10 नोव्हेंबर

"पडल्या स्वाती तर पिकतील माणिक-मोती" असं मामा म्हणतात. स्वाती यंदा पडली की नाही यावरून घरात मतभेद आहेत. रोपं पेल्यांत हलवली.

24 नोव्हेंबर

फुलांसाठी फ्रिज. पाच रोपं रात्री नऊ ते सकाळी सहा फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यावरच्या फळीवर. तिथे 5-6 अंश भरतं. दिवसा व्हरांड्यात. सतत आत ठेवता येत नाही, उजेडाशिवाय पानं सडतील. सहा रोपं अगदी तशीच, पण रात्रीही बाहेर, तुलनेला. पेले डब्यात, डब्याला झाकण, कारण कालच कोथिंबिरीत मुरूम सापडला आणि ह्यांनी जेवताना तो ताटाच्या कडेला काढून ठेवून एक शब्दही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

15 डिसेंबर

एक दिवस विसरले, दोन रात्री वीज नव्हती. बाकी नेम चालू. अळ्या आल्या. वेचल्या.

5 जानेवारी 2025

सहा आठवडे झाले. अकराही रोपं डोणीत, फ्रिजवाली डावीकडे. या वेळी फरशांची रचना बदलली नाही. हिवाळ्यापुरती ती बरोबरच होती.

2 फेब्रुवारी

डावीकडे एका रोपाच्या टोकांना गाठी. कळ्या आहेत की नवी पानं, भिंगाखालीही नक्की होईना. धाकटीचं मत कळ्या.

16 फेब्रुवारी

कळ्याच होत्या.

फ्रिजच्या पाचांपैकी तीन फुललीत. बाहेरच्या सहांपैकी एक. एवढ्याशा रोपांवरून मी कुणाला काही सिद्ध करून दाखवणार नाही, पण पुढच्या वर्षी फ्रिजची फळी मीच मागणार आहे.

सकाळी ऊन कुंपणावरून येतं आणि आधी फरशीच्या कडेवर पडतं. शहाबादीचा रंग नाहीतर मळकट राखाडी, फरशी पुसताना आयुष्यभर पाहिलेला. त्यावर हा जांभळा ठेवला की तो निळसर होतो. मधल्या रोपाची चटई दोन्ही बाजूंनी फरशीवरून ओघळलीय, सतरा सेंटीमीटर, 60 फुलं मोजली आणि मग सोडून दिलं. मधमाश्या येतात, त्या बारक्या, फुलोऱ्या. एक पांढरं फुलपाखरूही घिरट्या घालत होतं, त्याचा हेतू मात्र फुलापुरता नसावा, कोबीवर अंडी घालणाऱ्यांतलं होतं.

अक्का आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "वास नाही का ह्याला?" फारसा नाही, म्हटलं. "मग देवाला चालंल की नाही काय की." दोन फुलं घेऊन गेल्या. चाललं असावं.

आत्यांनी खुर्ची तिकडे वळवून घेतली. भाजी निवडायला रोज तिथेच बसतात.

23 मार्च

37. बहर ओसरला. तीन झाडं शेजारी-शेजारी फुलल्यामुळे की काय, शेंगा धरल्यात. चपट्या, टोकाला काडी, मोहरीच्या शेंगेची बुटकी बहीण. वाळून फुटायच्या आत काढायला हव्यात. पातळ मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या.

छाटणी नाही केली या वेळी. कशासाठी करायची?

13 एप्रिल

काढणी. मामा खुरपं घेऊन आले. मला वाटलं होतं त्रास होईल, हिरवी झाडं होती. मामांनी पहिलं उपटलं, मुळं झटकली, बघत राहिले. मूळ हातभर, फरशीच्या फटीतून थेट डोणीच्या तळापर्यंत गेलेलं, शेवटी भोकातून बाहेर. "वडाराला दिलेलं पैसं वसूल झालं," म्हणाले.

बी चमचाभर. कागदाच्या पुडीत, पुडी डब्यात, डबा फ्रिजमध्ये. ह्यांना दाखवून ठेवला.

15 जून

मृगाचे पाऊस. डोणीत चिवळ आलीय, गेल्या वर्षीपेक्षा दाट, सगळ्या फटी भरून. या वेळी हात लावला नाही. घोळीच्या कुळातली ती, उन्हात आणि उबेतही अन्न करत राहण्याची तिची यंत्रणाच वेगळी आहे. पुढच्या आठवड्यात दहावीला शिकवताना डोणीतलीच फांदी नेईन म्हणते.

दुपारी आत्यांनी दोन ओंजळी खुडल्या. मुगाची डाळ, लसूण, वरून शेंगदाण्याचं कूट. भाकरीबरोबर खाल्ली. मामांनी विचारलं, भाजी कुठली, तर आत्या म्हणाल्या, "सूनबाईच्या दगडावरची."